बिनखर्ची बंदी

परकीयांवर निर्बंध लादणे सरकारी तिजोरीला जड जाते, हा गैरसमज रशियाच्या परराष्ट्र खात्याने मे 2022 मध्ये दूर केला. 963 अमेरिकनांना कायमची प्रवेशबंदी. खर्च काय तो कागद-शाईचा! यादीत बायडन आहेत, झुकरबर्ग आहेत, झालेच तर नट मॉर्गन फ्रीमनही आहेत. पण खात्याची खरी काटकसर दिसते ती जॉन मॅक्केन, हॅरी रीड आणि ऑरिन हॅच या माजी सिनेटरांच्या बाबतीत. यादी निघाली तेव्हा तिघेही हयात नव्हते. मॅक्केन तर 2018 मध्येच निवर्तले होते.

अशा इसमांवर पाळत नको, विमानतळावर जादा शिपाई नको, वकिलातीत दुभाषी नको. आदेशाचे पालन शंभर टक्के, तेही तक्रारीविना. (जिवंत माणसे अशी शिस्त कुठे पाळतात?) आमची नम्र सूचना अशी, की पुढील यादीत नेपोलियन बोनापार्ट यांचाही समावेश व्हावा. 1812 मध्ये हे गृहस्थ विनापरवाना थेट मॉस्कोपर्यंत आले होते. पूर्वेतिहास वाईट आहे.

हयात मंडळींची निवड मात्र खात्याने फार जपून केली. डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव यादीत नव्हते.