खर्जशास्त्री

हाय-फायचं वेड असलेला माणूस गावोगाव एखादा सापडतोच. खोपोलीतल्या नमुन्याला गल्लीनं 'खर्जशास्त्री' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. वय साठीच्या आगेमागे, कारखान्यातून निवृत्त, ग्रॅच्युइटीचा घसघशीत भाग दोन स्पीकर, एक सबवूफर आणि अँप्लिफायरमध्ये गुंतलेला. गाणी मात्र ते फारशी ऐकत नाहीत. ऐकतात ती खोली.

लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली आणून टाटांनी इथे १९१५ पासून वीज केली. तीवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आज त्याच गावात हे गृहस्थ विजेवर ४७ हर्ट्झचा एकच सूर अर्धा-अर्धा तास वाजवत ठेवतात.

सूर ४७चाच का, हे विचारू नये. पण मी विचारलं. खोली १२ फूट लांब. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर समोरासमोरच्या त्या दोन भिंतींत नेमका ४७चा सूर अडकतो, परत परत आदळून स्वतःतच मिसळतो आणि फुगतो. रुंदी १० फूट, तिथे ५६. इथवर ठीक. पण उंचीही १० फूटच! म्हणजे ५६ची डबल मार. एवढं सांगून शास्त्रीबुवा वडिलांच्या तसबिरीकडे वळतात. "स्लॅब फूटभर वर टाकायला काय जात होतं?" ५६ला तसबिरीची काच थरथरते. वडील अजून ऐकून घेत नाहीत, असा त्यांचा समज आहे.

पाहुण्याला बसायची चोरी. भिंतीला टेकलात, की "तिथे बास फुगतो, पुढे या." पुढे आलात, की "अगदी मधोमध नको, तिथे नाहीसा होतो." दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत, म्हणून वादही घालता येत नाही. चहा उभ्यानंच होतो.

सुरुवातीला त्यांनी भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्यानं टाळी वाजवल्यावरचा घुमारा थोडा बदलला; खर्ज होता तिथेच. ४७च्या सुराची लहर चोवीस फूट लांब, तिच्यापुढे पुठ्ठा काय करणार? फोमचे दोन इंची तुकडेही तसेच वाया गेले. खालचा सूर शोषायला जाडी लागते, आणि जागा लागते ती कोपऱ्यात, कारण तिथे प्रत्येक सुराचा दाब सगळ्यात जास्त असतो. महिनाभर वाचन करून हे ज्ञान त्यांनी स्वयंपाकघरात जाहीर केलं. काकू पोळी उलटत म्हणाल्या, "अहो, लग्नकार्याच्या कापसाच्या गाद्यांचा ढीग त्या कोपऱ्यातच तर होता. स्टुडिओ करायचा म्हणून तुम्हीच माळ्यावर टाकलात."

गाद्या उतरल्या. फरक पडला, हे मी कानांनी सांगतो. पण पावसाळ्यात कापसाला खोपोलीची ओल चढली, वास सुटला, आणि शास्त्रीबुवा माठांकडे वळले. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३च्या आपल्या ग्रंथात पोकळ भांड्याचा एक ठरावीक सूर कसा असतो ते मांडलं. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये तर त्याआधी कैक शतकं भिंतींत मडकी बसवत. यांनी २० लिटरचा माठ आणला, तोंडावर लाकडी चकती बसवली, चकतीला भोक पाडलं. तोंड अरुंद केलं की सूर उतरतो. कानस घेऊन ते एकेक मिलिमीटरनं भोक मोठं करत ५६ला पोचले. मग एप्रिल आला. काकूंनी चकती काढून ठेवली आणि माठाचं जे करायचं असतं ते केलं. हवा कमी झाली, तोंड उघडलं, सूर कुठच्या कुठे चढला. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही; पाणी मात्र गार होतं, ते दोघंही प्यायले.

सबवूफर कुठे ठेवायचा, याची त्यांची पद्धत जगभर मान्य आहे: तो स्वतःच्या खुर्चीवर बसवायचा आणि आपण भिंतीच्या कडेनं रांगत जिथे खर्ज एकसारखा लागेल ती जागा हेरायची. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तेव्हा शास्त्रीबुवा टीपॉयखाली होते. सिलिंडर उंबऱ्यातच ठेवून तो निघून गेला.

मिरवणुकीचा डीजे गल्लीत आला, की सगळे खिडक्या लावून शिव्या देतात. हे मोबाइल पुढे धरून बाहेर उभे! "साठला जोर आहे, चाळीसच्या खाली काहीच नाही," असा शेरा ऑपरेटरला ऐकवतात. तक्रार इतक्या बारकाईनं करणारा माणूस त्या पोरानं पाहिला नसावा. तो त्यांना वाकून नमस्कार करतो.

माझं मत विचाराल, तर त्यांच्या घरी डग्गा आता खरोखर डग्ग्यासारखा वाजतो, आणि निम्मं श्रेय गाद्यांचं आहे. तुम्ही गेलात तर कृपा करून "मला काही फरक कळला नाही" म्हणू नका. ते पुन्हा पहिल्यापासून वाजवतील, आणि कर्जतकडची शेवटची लोकल तुमच्यासाठी थांबणार नाही.