स्वयंभू फ्लशची मीमांसा

घरातील कोणीही बटण दाबलेले नसताना, विशेषतः रात्री निजानीज झाल्यावर, ज्याची टाकी आपण होऊन भरू लागते आणि थोड्या वेळाने आपण होऊन गप्प बसते, अशा संडासाच्या फ्लशला ‘स्वयंभू’ म्हणणे सयुक्तिक ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये या स्वयंभू स्थानांच्या उत्पत्तीविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार हा बाहेरच्या बाधेचा प्रकार आहे, दुसऱ्या मतानुसार ‘वरून प्रेशरच जास्त आहे’, आणि तिसऱ्या, बहुसंख्याकांच्या मतानुसार बिल्डरने हलका माल घातला आहे. तिन्ही मतांचे अनुयायी वर्षानुवर्षे एकमेकांशी वाद घालत आले असले, तरी टाकीचे झाकण उघडून पाहू नये, याबाबत त्यांच्यात पूर्ण एकवाक्यता आढळते.

झाकणाखाली दोन द्वारे असतात. आत येणाऱ्या पाण्याचे द्वार तरंग्याच्या, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या पोकळ डबीच्या, ताब्यात असते आणि पाणी ठरल्या खुणेपर्यंत चढले की तरंगा ते बंद करतो. भांड्यात जाणाऱ्या पाण्याचे द्वार मात्र रबराच्या एका वॉशरच्या भरवशावर असते. बोअरच्या वा टँकरच्या पाण्यातील क्षारांची पुटे त्याच्या बैठकीवर चढली, किंवा रबर जुने होऊन कडक झाले, की तो वॉशर नीट टेकत नाही. मग पाणी झिरपते, पातळी बोटभर उतरते, तरंगा इमानाने द्वार उघडतो आणि टाकी पुन्हा भरते. म्हणजे घरचे ज्याला बाधा समजतात, तो वास्तविक त्या घरातील एकमेव कर्तव्यदक्ष घटकाचा आवाज असतो. साखळी ओढायच्या जुन्या टाकीत वॉशरमधून असे झिरपणे संभवत नसे, कारण तिच्यातील सायफन, म्हणजे वरच्या बाजूला वळण असलेली वाकडी नळी, पाणी त्या वळणावरून उचलले गेल्याखेरीज ते खाली सोडतच नाही. ब्रिटनमध्ये पाणी वाया जाऊ नये म्हणून नियमांनी सायफनचाच आग्रह धरला आणि वॉशरवाल्या फ्लशला 2001 साल उजाडेपर्यंत दाराबाहेर ठेवले.

निदानाची सामग्री स्वयंपाकघरातच असते. ओव्हरफ्लो पाइपच्या, म्हणजे टाकी उतू जाऊ नये म्हणून आत उभ्या असलेल्या नळीच्या, तोंडातून पाणी ओघळत असल्यास दोष आत येणाऱ्या पाण्याच्या द्वाराचा वा जास्त उंच बसवलेल्या तरंग्याचा मानावा. तसे नसल्यास टाकीत चिमूटभर जिलबीचा रंग टाकून अर्धा तास बटणाला हात लावू नये. तेवढ्यात भांड्यात केशरी छटा उतरली, तर वॉशर दोषी. इतके स्वस्त निदान लोकमान्य होणे अर्थातच शक्य नसल्याने, प्रत्यक्षातील उपचार ‘रोग हल्याला आणि औषध पखालीला’ या परंपरेने चालतात. कोणी बटणावर तबलजीच्या निष्ठेने बोटे चालवतो, कोणी टाकीला बाहेरून थापट्या मारतो, आणि कित्येक घरांत अँगल कॉक, म्हणजे टाकीचे पाणी तोडणारी भिंतीवरची छोटी तोटी, कायमची बंद करून शेजारी बादली आणि मग ठेवला जातो. त्यानंतर ती टाकी फिनाइलची बाटली ठेवण्याची फळी म्हणून उर्वरित सेवाकाल पूर्ण करते.

मिनिटाला 100 मिलिलिटर, म्हणजे साधारण एका कटिंग चहाएवढी गळती धरली, तरी दिवसाला 144 लिटर पाणी जाते. राष्ट्रीय इमारत संहितेने शहरी माणसाची रोजची गरज 135 लिटर धरली असून त्यातले 45 लिटर फ्लशसाठी आहेत. याचा अर्थ असा की, अशा घरात एक जास्तीचे माणूस वस्तीला असते, जे आंघोळ करत नाही, भांडी घासत नाही, नुसते फ्लश करते. या माणसाला संस्थेच्या आदर्श उपविधींचे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांचे, भक्कम संरक्षण आहे, कारण त्यांनुसार पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवर ठरते. नळ मोजला जातो, पाणी नव्हे. सारख्याच नळांच्या 48 सदनिका असल्या, तर 144 लिटरांपैकी गळती करणाऱ्याच्या वाट्याला अवघे 3 लिटर येतात, म्हणजे दोन बटणांच्या फ्लशचे धाकटे बटण एकदा दाबण्याइतके. उलट, घरातील दुरुस्तीचा खर्च सर्वस्वी त्याचा एकट्याचा असतो आणि प्लंबर ‘पूर्ण सेटच बदला’ याखेरीज दुसरा सल्ला क्वचितच देतो.

वस्तुतः अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, वॉशर असलेला आतला व्हॉल्व्ह, बहुतेक टाक्यांत पाव फेरा फिरवून, बाहेर काढावा, बैठकीवरचा क्षार पुसावा आणि वॉशर धुऊन उलटा बसवावा, एवढ्याने बरेचदा काम भागते. न भागल्यास नवा वॉशर आणावा. परंतु असे करणाऱ्याने वाचवलेल्या पाण्यापैकी 141 लिटरांचे पुण्य 47 शेजाऱ्यांच्या खात्यावर जमा होते, आणि इतका परोपकार मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘सर्वांनी पाणी जपून वापरावे’ असा ठराव मांडला जातो, त्याच्या पाठोपाठ टँकरच्या वाढीव वर्गणीचाही मांडला जातो, आणि दोन्ही एकमताने संमत होतात. सभा आटोपून सभासद घरोघर परततात, दिवे मालवले जातात, आणि मग मजल्यामजल्यावरून टाक्या एकामागून एक त्या ठरावांना अनुमोदन देऊ लागतात.