उंदरांचं आर्थिक वर्ष

कोषागारात आयुष्य गेलेल्या माणसाला विज्ञानातलं काही कळत नाही, असा आमच्या भाचीचा समज आहे. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत म्हाताऱ्या उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम करते. अल्झायमरमध्ये मेंदूतलं कुठलं जोडकाम आधी निखळतं, हे बघायचं तर उंदीर आधी म्हातारा व्हावा लागतो. उंदीर तीन महिन्यांत प्रौढ होतो, दीड-दोन वर्षांत आजोबा होतो आणि तिसऱ्या वर्षी बहुधा नसतो. प्रकल्प मात्र तीन वर्षांचा मंजूर होतो. आता यात विज्ञान कुठे आलं? हा सरळ हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब आम्हाला कोणी शिकवू नये.

सरकारकडे संशोधनाला पैसा नाही, हे तर आता बोलायचीच सोय राहिलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेनं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा संमत केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये. त्या दिवशी भाची पेढे घेऊन आली. मी म्हटलं, पेढा ठेव तिथे, आधी रकाने वाच. सरकारचे १४ हजार कोटी. उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार वगैरे मंडळींकडून यायचे आहेत. म्हणजे यजमानपद सरकारचं आणि जेवणावळ आहेरातून भागवायची. आहेर आणणारी मंडळी कशी आहेत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनातला संशोधनाचा वाटा ०.६४ टक्के, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त सरकारी तिजोरीतूनच येतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरिया पाचाच्या घरात. लोक याला कंजुषी म्हणतात. आमच्याकडे याला बचत म्हणायची पद्धत होती, आणि ती दाखवणाऱ्याच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा जायचा.

पुढे जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. या वेळी भाचीनं पेढ्यांच्या आधी मला फोन केला, म्हणजे पोरगी तयार होत चालली आहे. तो पैसा खासगी क्षेत्रासाठी, दीर्घ मुदतीचा, कमी व्याजानं किंवा बिनव्याजी. भाची म्हणाली, "मामा, माझ्या उंदरांना कर्ज मिळेल का?" मी म्हटलं, तारण काय देणार? डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्यांना आपण उगाच हसत आलो. इथे डोंगर थाटात जाहीर होतो, पोखरायची ती पोरं फेलोशिपची वाट बघत बसलेली असतात, आणि एखादा उंदीर निघालाच तर त्याच्या खाद्याचं बिल त्रुटी काढून परत येतं.

ती त्रुटी कशी निघते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिला हप्ता आला, खर्च झाला. दुसरा हप्ता हवा तर उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरणपत्र द्यायचं. मधल्या काळात बँकेत पडून राहिलेल्या रकमेवर जे व्याज जमलं, ते भारतकोश पोर्टलवरून सरकारजमा करायचं. व्याज किती? दोनशे-सव्वादोनशे रुपये. ते तिनं भरलं, पण चलनावरची तारीख प्रमाणपत्राच्या तारखेनंतरची निघाली. लेखा शाखेतल्या गृहस्थांनी तिला अतिशय अदबीनं सांगितलं, "मॅडम, जे पैसे तुम्ही अजून भरलेले नव्हते, ते भरल्याचं तुम्ही आधीच प्रमाणित केलंय." मी शेजारीच बसलो होतो. मला गहिवरून आलं. असा आक्षेप काढणारी माणसं संपली, असं मी समजत होतो.

प्रमाणपत्र नव्यानं झालं, सनदी लेखापालाची सही नव्यानं झाली, संचालकांची सही ते परदेशातून आल्यावर झाली. दरम्यान उंदीर जेवत होते. उंदरांची ही एक वाईट खोड आहे. मंजुरी असो नसो, रोज जेवतात. शिवाय रोज थोडे म्हातारे होतात. प्रयोगात अठरा महिन्यांच्या उंदराला पाण्याच्या टाकीत सोडून पाण्याखाली बुडवलेल्या पाटाची जागा त्याला आठवते का, ते बघायचं होतं. हप्ता आला तेव्हा निम्म्या उंदरांना पोहणंच झेपेना, आणि ज्यांना झेपत होतं त्यांच्या चाचणीला लागणारं रसायन बंदरात अडकलं होतं.

रसायनाचीही एक कथा आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झालं. प्रयोगशाळेच्या नावाखाली मद्यार्क आयात होतो, अशी शंका होती म्हणे. शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मेंदूचे पातळ काप करण्याआधी त्यातलं पाणी काढायला अल्कोहोलच लागतं. फक्त ते पिणारे मेंदू उंदरांचे असतात आणि आधीच गेलेले असतात. देशभरातल्या संशोधकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी दर पुन्हा १० टक्क्यांवर आला, मात्र तसं लिहून द्यायच्या अटीवर. भाचीनं लिहून दिलं की हे मी पिणार नाही. शब्द वेगळे होते, आशय तोच.

करांच्या बाबतीत तर सरकारनं संशोधनाला कधीच परकं मानलेलं नाही. सार्वजनिक संशोधन संस्थांना उपकरणांवर पाच टक्के जीएसटीची सवलत होती. ती जुलै २०२२ मध्ये गेली आणि दर १८ झाला. त्यावर कळस २०२४ साली चढला. संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानांवर जीएसटी का भरला नाही, अशी सुमारे १२० कोटींची नोटीस थेट दिल्लीच्या आयआयटीला गेली. दिलेल्या पैशावर, तो दिला म्हणून, कर मागायचा! आम्ही कोषागारातले लोक स्वतःला फार हुशार समजायचो, पण ही कल्पना आमच्या कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. त्याच सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं अशी अनुदानं करमुक्त केली आणि एक अव्वल दर्जाची टिपणी अकाली निवर्तली.

खरेदीचंही तेच. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खुर्च्या, बादल्या, पंखे उत्तम मिळतात. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड तिथे शोधायला भाचीनं एक अख्खी दुपार घालवली. पोर्टलनं तिला रुग्णालयात वापरायचे हातमोजे दाखवले. काय वाईट आहे? तेही हाताला चिकटतात. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयानं संशोधन संस्थांच्या प्रमुखांना जेमबाहेर खरेदीची मुभा दिली, कोटेशनशिवाय घेता येणाऱ्या मालाची मर्यादा १ लाखाची २ लाख केली, तेव्हा भाचीच्या प्रयोगशाळेत चहा झाला. मला मात्र दोन रात्री झोप नव्हती. वैज्ञानिकावर विश्वास ठेवायचा, ही सुरुवात वाईट आहे. आज प्रतिपिंड घेतील, उद्या म्हणतील उंदीर केव्हा म्हातारा होतो ते आम्हीच ठरवणार.

माणसांच्या खर्चात त्या मानानं भानगड नाही. कनिष्ठ संशोधन छात्राला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मंजूर आहेत. मंजूर आहेत, असंच मी म्हणतो. आले, असं म्हणायला पासबुक बघावं लागतं. आपल्या राज्यात सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी पोरं उन्हातान्हात उपोषणाला बसली, तेव्हा २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला सत्ताधाऱ्यांकडूनच विचारणा झाली होती, की पीएचडी करून हे काय दिवे लावणार. भाचीला हा प्रश्न वैज्ञानिक वाटला. कारण उंदरांच्या खोलीत बारा तास दिवा आणि बारा तास अंधार हा नियम काटेकोर पाळावा लागतो, नाहीतर त्यांचं झोपेचं चक्र बिघडतं आणि सगळी निरीक्षणं फुकट जातात. तिचा विद्यार्थी रोज सकाळी सातला जाऊन दिवे लावतो. रविवारीही. चार महिने फेलोशिप न येता लावत होता.

तिची एक मैत्रीण बोस्टनमध्ये अशाच उंदरांवर काम करते. इतकी वर्षं तिचा फोन आला की भाचीचा चेहरा पडायचा, कारण तिथल्या एकट्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा वर्षाचा खर्च ४७-४८ अब्ज डॉलरच्या घरात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं संस्थांना वीज, इमारती, जनावरघर वगैरेंसाठी मिळणारा वरखर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणायचा फतवा काढला, प्रकरण कोर्टात गेलं. त्यानंतर दोघींचे फोन बरोबरीच्या नात्यानं चालतात. परवा मैत्रीण विचारत होती, तुमच्याकडे उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना कसा असतो गं? पाठवून ठेव, लागेल.

तर, आमच्या भाचीचा दुसरा हप्ता आला. अठ्ठावीस मार्चला आला. एकतीसपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत जाते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. अडचण एवढीच झाली, की खाद्य आणि रसायनं 'उपभोग्य वस्तू' या शीर्षाखाली येतात आणि पैसे आले होते 'उपकरणे' या शीर्षाखाली. या शीर्षातलं त्या शीर्षात न्यायचं तर परवानगी लागते, परवानगीला महिना लागतो, आणि हातात तीन दिवस, त्यातला एक रविवार. मग उणे ८० अंशांचा फ्रीजर घेतला. देखणा आहे. त्यात ठेवायला मेंदूचे नमुने असते तर आणखी शोभला असता. तूर्त तो रिकामा असून सदैव उणे ८० वर असतो, आणि त्याचं वीजबिल कुठल्या शीर्षाखाली टाकावं यावर पत्रव्यवहार सुरू आहे.

एप्रिलमध्ये साठा पडताळणी झाली. मी मुद्दाम बघायला गेलो. पडताळणी करणाऱ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून पिंजरे मोजले. खरेदीच्या बिलावर उंदीर वीस, प्रत्यक्षात भरले चौतीस. साहेब थबकले. कमी भरले असते तर वसुली लावून मोकळे झाले असते, पण जास्तीचं काय करायचं? "हे चौदा कुठून घेतले?" त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, "घेतले नाहीत, झाले." साहेबांनी लिहून घेतलं: खरेदी आदेशाशिवाय, दरपत्रक न मागवता साठ्यात चौदा नगांची वाढ. आणि खाली, अत्यंत सुवाच्य अक्षरात, खुलासा करावा.

तिनं केला. दोन पानी केला. मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवडे, एका वेळी सहा-आठ पिल्लं, असं सगळं संदर्भांसकट. मी मना करत होतो, इतकं खरं लिहू नये. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. खुलासा अंशतः मान्य, मात्र यापुढे साठ्यात अशी वाढ होण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वमान्यता घेण्यात यावी.

मसुद्यात मला एकच उणीव दिसली. या कामी सक्षम प्राधिकारी कोण, ते लिहायचं राहून गेलंय. ते विचारणारं पत्र मी तिला तयार करून दिलंय, तीन प्रतींत. तिकडे आणखी दोन माद्या जाड दिसायला लागल्यात, तेव्हा उत्तर तीन आठवड्यांच्या आत आलेलं बरं.