खोकेपारखी

खोकेपारखी गेम खेळत नाही. पूर्वी थोडंफार खेळायचा, पण चाळिशी, गृहकर्ज आणि मानेचं दुखणं यांनी मिळून त्याला त्या वाटेवरून बाजूला केलं. तरीही नवा गेम कन्सोल येतोय म्हटलं की आतली चिप किती ताकदीची यावर चार जाणकार बोलायच्या आत हा बाहेरच्या खोक्यावर निकाल देऊन मोकळा होतो. निकालही ठरलेला: ‘पूर्वीसारखं डिझाइन राहिलं नाही.’

जून २०२० मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ५चं रूप पहिल्यांदा जगाला दाखवलं, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. लॉकडाऊनमुळे झोपेचं वेळापत्रक कुणालाच नव्हतं. पांढऱ्या कॉलरी ताठ उभ्या केलेलं ते धूड पडद्यावर आलं आणि लगेच आमच्या मित्रांच्या ग्रुपवर खोकेपारखीचा मेसेज पडला: ‘हा राउटर कोणी मागवलाय?’ हाच विनोद त्या रात्री जगभर असंख्य लोकांनी केला. पण तो आपल्याच ग्रुपमधून फुटला, यावर खोकेपारखी आजही ठाम आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्सचा काळा चौकोनी खांब पाहून सगळ्यांसारखाच तोही ‘फ्रीज’ म्हणाला होता. कंपनीनं ही चेष्टा अंगावर घेतली आणि २०२१ मध्ये त्याच रूपाचा खराखुरा छोटा फ्रीज विकायला काढला. त्यावर याचं मत : ‘फ्रीज म्हणून ठीक आहे.’

प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृतपणे आला २ फेब्रुवारी २०२१ला. आगाऊ नोंदणीत तो बघता बघता संपला होता, त्यामुळे ग्रुपमधल्या ज्या एकाच्या घरी तो पोचला, त्याच्याकडे बाळ बघायला जावं तशी रीघ लागली. इतरांनी पेढे नेले, खोकेपारखीनं मोजायची टेप नेली. ‘उंची एकोणचाळीस सेंटीमीटर! वजन साडेचार किलो! हा टीव्ही युनिटमध्ये उभा राहणार कसा? हॉल कुणाचा, तुझा की ह्याचा?’

यजमानानं सांगून पाहिलं, की आत बारा सेंटीमीटरचा पंखा आहे, उष्णता बाहेर टाकायला धातूचा भला मोठा ठोकळा आहे, म्हणून आकार वाढला. खोकेपारखीनं हात झटकला. ‘आतलं मला सांगू नकोस. युजिन मोरिसावा म्हणून यांचे डिझायनर आहेत. त्यांनी आधी याहून मोठं काढलं होतं. तेव्हा हे लहान केलेलं आहे, लक्षात घे!’ डिझायनरचं नाव त्याला पाठ असतं. गेमचं नाव विचारू नये.

मग तपासणी सुरू झाली. यजमानाच्या आईंचं पोथी वाचायचं भिंग मागवण्यात आलं. कंट्रोलरची पाठ खिडकीपाशी उजेडात धरून त्यानं सगळ्यांना एकेक करून पाहायला लावलं. हाताला नुसतं खरखरीत लागतं, पण भिंगाखाली त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन यांची दाट पेरणी दिसते. प्लेस्टेशनच्या बटनांवरची तीच चार चिन्हं, इवलीशी, हजारोंनी. आई म्हणाल्या, ‘अगोबाई, रांगोळीच की.’ खोकेपारखी असा काही हसला, जणू ती त्यानंच घातली होती.

कन्सोलच्या खाली बैठक होती. कन्सोल उभा करायचा तर ती स्क्रूनं आवळायची, आडवा ठेवायचा तर नुसती अडकवायची. मग रिकामा झालेला स्क्रू ठेवायचा कुठे? त्या बैठकीच्याच पोटात त्याच्यासाठी छोटा कप्पा आहे. हा कप्पा पाहून खोकेपारखी क्षणभर गप्प झाला. ‘हे मात्र काम आहे,’ एवढंच म्हणाला. त्याचं त्या दिवसातलं हे एकमेव कौतुक, आणि तेही एका स्क्रूच्या निवासव्यवस्थेचं.

निघताना आईंनी धूळ बसू नये म्हणून कन्सोलवर क्रोशाचा रुमाल घातला, तेव्हा हाच सगळ्यांत आधी ओरडला, ‘काकू, नको! त्याला श्वास घेऊ द्या!’ आतलं सांगू नकोस म्हणणाऱ्याला हवेच्या वाटा कुठून कुठे जातात ते चोख ठाऊक होतं.

त्याची जुनी मतं मात्र कुणी लिहून ठेवू नयेत. आज तो प्लेस्टेशन २साठी हळहळतो : ‘काय होतं राव! उभा ठेवा नाहीतर आडवा, डिस्कच्या ट्रेवरचा लोगो बोटानं फिरवून सरळ करता यायचा!’ पण हाच प्लेस्टेशन २ नवा होता तेव्हा ह्याच्या लेखी तो ‘बँकेतला कॉम्प्युटर’ होता. प्लेस्टेशन ३ चकचकीत काळा आला, तर ‘बोटांचे ठसे घ्यायला पोलिसांनी काढलाय.’ पुढे तिरप्या अंगाचा प्लेस्टेशन ४ आला, तेव्हा ‘निदान तीनला चमक तरी होती.’ म्हणजे कुठल्याही कन्सोलला ह्याच्या दरबारात इज्जत मिळायची तर आधी त्याचा धाकटा भाऊ जन्माला यावा लागतो. राउटर म्हणून हिणवलेल्या पाचचंही तेच झालं. २०२३च्या शेवटी त्याची सडपातळ आवृत्ती आली आणि उभं ठेवायचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो असं कळलं, तशी खोकेपारखीला त्या स्क्रूच्या कप्प्याची आठवण येऊन भरून आलं.

ही नजर आली कुठून? नव्वदच्या दशकात बिल्डिंगमध्ये एकाच मुलाकडे ‘व्हिडिओ गेम’ असायचा : निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमची नक्कल केलेला लाल-पांढरा डबा. खेळणारे दोन, ताटकळणारे आठ. कॅसेटमध्ये फुंकर मारायचा मानही मालकाचाच. ज्याचा नंबर लागायचा तो पडद्याकडे बघायचा. ज्याचा लागायचा नाही त्याला बघायला तो डबा तेवढा उरायचा. खोकेपारखीला त्या डब्याची प्रत्येक खाच, प्रत्येक स्क्रू तोंडपाठ झाला, कारण त्याचा नंबर फारसा कधी लागलाच नाही.

परवा अमेरिकेतून आलेल्या भाच्यानं निन्टेंडो स्विच २ आणला. खोकेपारखीनं तो उलटा केला, मागचा पाय उघडून पाहिला, बाजूचे कंट्रोलर काढले, लावले. आता ते लोहचुंबकानं चिकटतात. ‘चिकटतो रे, पण पहिल्या स्विचला खाचेतून सरकवताना खट्‌ व्हायचं, ती मजा नाही,’ तो म्हणाला. २०१७ मध्ये तीच खाच महिनाभरात तुटेल, असं भाकीत यानंच केलं होतं.

‘मामा, आता खेळा तरी,’ म्हणून भाच्यानं मारिओ कार्ट लावून दिलं. चोवीस गाड्यांच्या शर्यतीत मामा चोविसावे आले. त्यांनी कंट्रोलर शांतपणे उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला.

‘बघ, मी म्हटलं नव्हतं? डिझाइनच चुकलंय.’