प्रश्न नसलेली बातमी

सहा जानेवारी आली की शाळांना आम्हा पत्रकारांची आठवण येते. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, म्हणून पत्रकार दिन; आणि पत्रकार दिन म्हणून शाल, श्रीफळ आणि ‘विद्यार्थ्यांना चार शब्द’. २०२५ सालचे माझे चार शब्द मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या वाट्याला आले. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता : ‘शालेय जीवनात चालू घडामोडींचे महत्त्व’.

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, बोधकथेतला कोल्हा नेहमीप्रमाणे फजीत पावला. मग सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आजच्या ठळक बातम्या. चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले.” टाळ्या पडल्या.

यान उतरले होते २३ ऑगस्ट २०२३ रोजी. मी हेडसरांकडे पाहिले.

“अजून तिथेच आहे ना?” ते हळूच म्हणाले. “मग बातमी खरी आहे.”

ताज्या बातमीचे काय, असे विचारल्यावर त्यांचा चेहरा दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखा झाला. २३ नोव्हेंबर २०१९. शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. एका गुणी मुलाने परिपाठात त्या दिवशीचाच पेपर वाचला : उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. पेपर रात्री छापलेला. पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी उरकलाही होता. पालक फाटकातून मोबाइल नाचवत आत आले, “शाळेत खोट्या बातम्या शिकवता?” हेडसरांनी लेखी खुलासा लिहायला घेतला. तो तयार होईपर्यंत मंगळवारी फडणवीसांचा राजीनामा झाला आणि गुरुवारी, २८ तारखेला, उद्धव ठाकरेंनीच शपथ घेतली. म्हणजे मुलगा शनिवारी चुकला होता आणि गुरुवारी बरोबर होता. त्याला ओरडावे की बक्षीस द्यावे, हे ठरेना. तेव्हापासून शाळेत बातमी मुरवून वाचतात. लोणच्यासारखी.

शिवाय नियम आहेत. राजकारण नको, जातधर्म नको, गुन्हे नकोत, महापालिका नको, शिक्षण खाते तर मुळीच नको. पावसाचे चालते, पण पाणी तुंबल्याचे नाही. तुंबण्यामागे कुणीतरी असते. ज्या बातमीवर पोरगे ‘का?’ विचारणार नाही, ती परिपाठाची बातमी. शाळेची पाठ्यपुस्तके लिहिणारा आणि वर्तमानपत्र काढणारा माणूस या महाराष्ट्रात एकच होता, ही गोष्ट मी भाषणात सांगणार होतो. जांभेकरांचा फोटो हाराखाली इतका झाकला गेला होता की राहून गेली.

भाषणाच्या शेवटी मी ती चूक केली, जी पाहुण्याने कधी करू नये. “कुणाला काही विचारायचंय?” असे म्हणालो.

सहावीतला एक मुलगा उठला. “आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?”

“सध्या कुणी नाही,” मी म्हणालो. “मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रशासक आहेत.”

“पण नागरिकशास्त्रात लिहिलंय, दर पाच वर्षांनी निवडणूक होते.”

“हो.”

त्याने बोटांवर हिशेब केला. “तेव्हा मी तिसरीत होतो.”

“खाली बस,” हेडसर म्हणाले. “पाहुण्यांना गाडी पकडायची आहे.”

मला कुठलीही गाडी पकडायची नव्हती. ऑफिसात चहा आला. हेडसरांनी कौतुकाने सांगितले, थोरला चिरंजीव पुण्यात आहे, सदाशिव पेठेत, एमपीएससी करतो. रोज तीन पेपर वाचतो. चालू घडामोडींचा क्लास वेगळा लावलाय, फी वेगळी. “राजकारण, न्यायालयाचे निकाल, सरकारी योजना, सगळं तोंडपाठ,” ते म्हणाले. म्हणजे अकराव्या वर्षी फुकट विचारलेला प्रश्न आगाऊपणा, आणि पंचविसाव्या वर्षी पैसे मोजून घेतलेले त्याचे उत्तर करिअर. मी आणखी एक बिस्किट घेतले.

पुढल्या सहा महिन्यांत घडामोडी स्वतःच चालत शाळेत आल्या. जानेवारी संपायच्या आत पोषण आहारातल्या आठवड्याच्या अंड्याचे पैसे सरकारने थांबवले आणि अंडे लोकसहभागावर सोडले. मुलांना ही बातमी कुणी वाचून दाखवली नाही. ती ताटात आली नाही, यावरूनच कळली. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांतली कोरी पाने गेली. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून ती दोन वर्षांपूर्वी आली होती. सगळ्या पुस्तकात वादग्रस्त ठरू नये असा तेवढाच मजकूर होता, पण तोही टिकला नाही. मग १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, १७ जूनला ‘सर्वसाधारणपणे’ झाली आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द होऊन समिती नेमली गेली. पहिलीची पोरे तेव्हा नुकती रडायची थांबली होती. एवढ्या काळात परिपाठात काय वाचले, म्हणून मी फोन केला.

“चांद्रयान,” हेडसर म्हणाले. “आणि योग दिन.”

त्या सहावीतल्या मुलाचीही चौकशी केली. आता सातवीत गेला. वार्षिक परीक्षेत ‘महानगरपालिकेची मुदत किती वर्षांची असते?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. त्याने लिहिले होते, ‘पुस्तकात पाच.’

बाईंनी अर्धा गुण दिला. हेडसर म्हणाले, तोही पुस्तकाचा उल्लेख केला म्हणून.