बॉक्ससकट

पुनर्विकासाच्या मीटिंगला गिरगावकर जातो तो कार्पेट एरिया किती मिळणार हे विचारायला. बॉक्ससकट जातात ते कुणाकुणाचे पोटमाळे रिकामे होणार हे बघायला.

बॉक्ससकट हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण जुन्या व्हिडिओ गेमचा विषय कुणी काढला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॉक्ससकट आहे का?" त्यामुळे फणसवाडीपासून लालबागपर्यंत ते याच नावाने चालतात. बरं, असे ते एकटेच आहेत असंही नाही. एक नमुना हिंदू कॉलनीत आहे, एक परळला केईएमच्या मागे. कुणाच्या कपाटात काय आहे हे तिघांनाही तोंडपाठ असतं, फक्त कुणी कुणाच्या घरी जात नाही. मेट्रो तीनसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा माणसं जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती आणि बॉक्ससकट खाली उतरणाऱ्या ट्रंका न्याहाळत होते. "काकू, तुमचे धाकटे दीर मस्कतला होते ना हो?" काकूंना ती चौकशी आपुलकीची वाटली.

दीर मस्कतला असण्याला महत्त्व आहे. निंटेंडोने १९८० साली 'गेम अँड वॉच' काढलं. खिशात मावणारा खेळ, त्यातच घड्याळ, पुढे गजरही. फॉरेनची वस्तू तेव्हा आपल्याकडे दुकानातून कमी आणि बॅगेतून जास्त यायची. आखातातून सुट्टीवर येणारा मामा, नाहीतर हाजी अलीचं हिरा पन्ना. 'गेम अँड वॉच'ची कल्पना गुन्पेई योकोई या निंटेंडोच्या माणसाला म्हणे बुलेट ट्रेनमध्ये सुचली. कुणी एक कंटाळलेला साहेब कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. हा प्रसंग बॉक्ससकट असा सांगतात की समोरच्या सीटवर हेच बसले असावेत. योकोई विरार लोकलमध्ये असते तर हा शोध लागलाच नसता, कारण कॅल्क्युलेटर काढायला कुणाचा हातच मोकळा नसता, हे माझं मत त्यांना मान्य नाही. मग १९८२चा 'डाँकी काँग' येतो, त्याचे दोन पडदे येतात, डाव्या अंगठ्याखालचं ते अधिकच्या खुणेचं बटण येतं. आज पोरांच्या हातातल्या कंट्रोलरवर दिसणारं बटण याच घराण्यातलं. एवढी वंशावळ झाली की स्वारी हळूच भावावर येते.

भावाचं सगळं दुःख खोक्यात आहे. नुसता चालू गेम असेल तर एक भाव. सोबत पुठ्ठ्याचा खोका, आतला थर्माकोल आणि माहितीचा कागद असेल तर दुप्पट-तिप्पट. आणि मराठी घराने नेमका तोच टाकला. ज्या घरात रिमोटचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत, साडीच्या दुकानाच्या पिशव्या गादीखाली घडी घालून ठेवतात, श्रीखंडाच्या डब्यात डाळी भरून डब्याचा रंग उडेपर्यंत वापरतात, त्या घरातून हा एकच खोका गेला. यांच्या आईने त्यात ब्लाउजची हुकं ठेवली होती. हुकं संपली, आणि एका सकाळी खोका बंबात गेला. आई गेल्या तेव्हा बॉक्ससकट फार रडले. त्यात थोडं रडणं पुठ्ठ्याचंही होतं, असं वहिनींचं म्हणणं.

इंटरनेटवर एकाच वस्तूला दोन भाव दिसतात. एक विकणाऱ्याने मागितलेला, दुसरा प्रत्यक्षात कुणी तरी मोजलेला. जाणकार माणूस दुसरा धरतो. बॉक्ससकट दोन्ही धरतात: स्वतःच्या मालाला मागितलेला, दुसऱ्याच्या मालाला मोजलेला. २०२१च्या जुलैत अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तो खेळ हातातला नव्हे, टीव्हीला जोडायचा. तो सीलबंद होता, यांच्या गेमचं मागचं झाकण हरवलेलं. तरी त्या आठवड्यात बॉक्ससकट शिवाजी पार्कला फेरी मारताना एकेका इमारतीकडे मान वर करून बघत होते, आणि एकदोन इमारती त्यांनी नापसंतही केल्या.

त्यांचा खरा छळ करतात ते '९९९९ इन १'वाले. नव्वदच्या दशकात दादर स्टेशनबाहेर मिळायचा तो ब्रिक गेम प्रत्येक घरात एक तरी होताच. त्यातले मूळ खेळ बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे वेग आणि लेव्हल बदलून तेच. असा कुणी उत्साहाने येतो आणि विचारतो, "याचं काय येईल हो?"

"चिवडा गल्लीत जा. पाव किलो देतात का बघा."

गंमत अशी की तो ब्रिक गेम दोन पेन्सिल सेल घातले की आजही टुक टुक वाजत सुरू होतो आणि गॅलरीतली पोरं त्यावर भांडतात. यांचा खजिना कपाटात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये. मुंबईची दमट हवा एलसीडीच्या पडद्यावरची फिल्म खराब करते, आणि आत विसरलेला सेल गळून पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. तो थर ते कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन, श्वास रोखून, तासभर पुसतात. सेल घालून चालू करायचा मुहूर्त वर्षातून एकच, खंडेनवमी. पाटावर वहिनींचा मिक्सर, मुलाचा लॅपटॉप, विळी, हातोडी, आणि मधोमध 'डाँकी काँग'. वहिनी सवयीने सगळ्यांना हळदकुंकू लावत येतात.

"अगं, त्याला नको! कंडिशन जाते!"

मग दोन हातांवरून एक अक्षत टाकली जाते, तीही पडद्याला लागणार नाही अशी.

मागच्या दिवाळीआधी कोथरूडचा एक तरुण तो गेम बघायला आला. मी तिथेच होतो. बॉक्ससकटांनी भाव सांगितला. हा भाव ऐकायचा असतो, द्यायचा नसतो, एवढं पुण्याच्या माणसाला तरी कळायला हवं होतं. पोरगा म्हणाला, "चालेल काका. जीपे करू?"

बॉक्ससकटांचा चेहरा उतरला.

"नाही, तसं... वरच्या पडद्याला डाग आहे बरं का."

"दिसला. हरकत नाही."

"झाकण ओरिजिनल नाहीये. लॅमिंग्टन रोडवरून कायतरी जुळवून बसवलंय."

"चालेल."

"गजर वाजत नाही."

"मी फोनवरच लावतो, काका."

आतून वहिनींचा आवाज आला, "द्या की हो एकदाचा!" त्या आवाजाने बॉक्ससकट आणखी बिथरले. आयुष्यभर ज्या गेमचे गोडवे गायले त्याची त्यांनी दहा मिनिटं अशी निंदा केली की ऐकवेना. शेवटी हुकमी पान टाकलं, "अहो, पण बॉक्स नाहीये ना!"

"बॉक्स आहे माझ्याकडे," पोरगा म्हणाला. "याचाच. थर्माकोलसकट. आत घालायला गेम नाहीये, म्हणून तर आलो."

बॉक्ससकट एकदम सरसावून बसले. पुढचा तासभर 'डाँकी काँग'चं नावही निघालं नाही. खोक्याचा कोपरा चेपलाय का, रंग उडालाय का, आतला कागद जपानी की इंग्रजी, आणि शेवटी, "कितीला द्याल?" पोरगा म्हणाला, "बॉक्स विकायचा नाहीये, काका." चहा दोनदा झाला, चकल्या संपल्या. कुणीच काही विकलं नाही. पोरगा दादरहून शिवनेरीने परत गेला.

दुसऱ्या दिवशी बॉक्ससकटांनी भाव तिप्पट केला. कुणी कारण विचारलं तर छाती काढून सांगतात, "आता बॉक्ससकट आहे. गेम इथे आहे, बॉक्स कोथरूडला."