गेला घोडा कुणीकडे

जुलैमध्ये माझ्या गाडीत 166.2 घोडे होते. ऑक्टोबरमध्ये ते 171.8 झाले. मधल्या तीन महिन्यांत नवा एक्झॉस्ट बसवण्यात माझे 920 डॉलर गेले, म्हणजे घोडा पडला 164 डॉलरला. सारंगखेड्याच्या यात्रेत एवढ्या पैशांत फार तर खोगीर येईल, असा हिशेब मी बायकोला ऐकवला.

“खोगीर दिसतं तरी,” ती म्हणाली.

आम्ही डेट्रॉईटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या उपनगरात राहतो. इथल्या मराठी मंडळींत दर दुसरा माणूस गाड्यांच्या धंद्यात आहे. गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली की एक जण ब्रेकवर बोलत असतो, दुसरा गिअरबॉक्सवर, आणि तिसरा, जो बॅटरीवाला आहे, तो या दोघांच्या नोकऱ्या अजून किती वर्षं टिकतील यावर. मी पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. लग्नघरात केटररचं बिल तपासायला आलेल्या माणसाला जो मान असतो, तो मला या मंडळींत आहे. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी 2013 सालची सेकंडहॅन्ड सुबारू बीआरझेड घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, मुलाला घेतली असेल.

गाडी निळी, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं, आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यायचा. मागे दोन सीट आहेत असं कागदपत्रांत म्हटलं आहे. इंजिन दोन लिटरचं, चारही सिलिंडर आडवे झोपवलेले; 7000 फेऱ्यांना 200 अश्वशक्ती, असं कंपनी सांगते. हे 200 इंजिनाच्या दांड्यावर मोजलेले. तिथून निघालं की गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल, टायर असा प्रत्येक जण आपापला वाटा कापून घेतो आणि चाकाच्या हातात पडतात 166. मला यात काहीच नवल वाटलं नाही. ग्रॉस आणि हातात पडणारा पगार यांतला फरक लोकांना समजावून सांगण्यावरच माझं घर चालतं.

(या गावाचा एक जुना किस्सा माझ्या धंद्यातल्या माणसाला फार आवडण्यासारखा आहे. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन उघडं टेबलावर ठेवून शक्ती मोजत. अंगावर ना अल्टरनेटर, ना गाडीचा खरा सायलेन्सर. जो आकडा यायचा तो ग्रॉस, आणि तोच जाहिरातीत. 1972 पासून सगळा संसार अंगावर घालून मोजायचं ठरलं. तेच इंजिन, तीच गाडी, आणि कागदावरचे कितीतरी घोडे एका वर्षात पळाले.)

माझा जीव अडकला होता आवाजात. साताऱ्याला आमच्या गल्लीत एकाच घरी बुलेट होती. ती कोपऱ्यावर आली की आमच्या फळीवरचे पितळी डबे किणकिणायला लागायचे. वाहनाला त्याच्या एक्झॉस्टच्या आवाजावरून फटफटी म्हणणारी आपली भाषा. त्या भाषेत वाढलेल्या माणसानं शिलाई मशीनसारखी कुरकुरणारी स्पोर्ट्स कार किती दिवस सहन करायची? शिवाय सायलेन्सरला इथे मफलर म्हणतात. मफलर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डिसेंबरच्या पहाटे किटली घेऊन दूध आणायला निघालेले वडील येतात. तो काढून फेकायला पैसे द्यायचे, हे जरा जिवावर आलं. पण दिले.

आता नुसता आवाज वाढवला म्हटलं असतं तर बायकोनं मला साताऱ्याच्या त्या बुलेटवाल्याच्या रांगेत बसवलं असतं. आपल्याकडे पोलीस असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात; तो व्हिडिओ तिनं मला तीनदा पाठवला होता. म्हणून मी शक्तीचं नाव पुढे केलं. आणि शक्ती म्हटली की पुरावा आला, पुरावा म्हटला की डायनो.

डायनो म्हणजे फरशीत अर्धवट गाडलेला भलामोठा पोलादी ड्रम. गाडीची मागची चाकं त्यावर येतील अशी गाडी उभी करायची, चारी बाजूंनी पट्टे आवळायचे, तोंडासमोर माणसाच्या उंचीचा पंखा लावायचा. ड्रमचं वजन ठाऊक असतं. चाकांनी तो किती झपाट्यानं पळवला ते मोजलं की घोडे निघतात. जुलैमध्ये कानांवर पिवळे कप चढवलेला एक पोरगा माझ्या सीटवर बसला, चौथा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर थेट तळाला दाबला. गाडी जागची हलत नव्हती आणि काटा 7400 कडे निघाला होता. दावणीला बांधलेला बैल शिंगं रोखून, मान ताणून दाव्यावर जोर करतो ना, तशी ती पट्ट्यांवर ताणली गेली होती. दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. मग ड्रमची घरघर हळूहळू उतरत गेली आणि तापलेल्या रबराचा वास सुटला. असे तीन रन झाले: 166.2, मग 164.9, मग 163.8. गाडी तापत गेली तसे घोडे घटत गेले. मी सगळ्यांत मोठा आकडा घेतला. कोणीही तोच घेतो.

ऑक्टोबरमध्ये नवा एक्झॉस्ट बसवून त्याच गॅरेजात गेलो. पोरगा दुसरा होता. या वेळी आवाज असा झाला की शेजारच्या गाळ्यातला टायरवाला हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहिला. 171.8! मला आकडा कळायच्या आधीच फरक जाणवत होता. घरून गॅरेजपर्यंतच्या रस्त्यातच मला गाडी “मोकळी” झाल्यासारखी वाटली होती. कमरेखाली बसवलेल्या या यंत्राला इथे बट डायनो म्हणतात. ते नेहमी केलेल्या खर्चाच्या प्रमाणात आकडा दाखवतं.

दोन्ही कागद फ्रिजवर लागले, मुलाच्या सॅटच्या मार्कांशेजारी. भारतातून आलेली आई येता-जाता ते बघायची. एकदा गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना ती खिडकीत उभी होती. संध्याकाळी हळूच म्हणाली, “अरे, सायलेन्सर फुटलाय वाटतं. पैशांची अडचण असेल तर सांग, माझ्याकडे आहेत.”

दिवाळीच्या फराळाला मंडळातले एक स्नेही आले. त्यांना मी मनातल्या मनात डेसिबलराव म्हणतो. गाड्यांमधला आवाज, थरथर आणि खडखडाट कमी करणं हीच त्यांची नोकरी. तीस वर्षं हा माणूस एकेक डेसिबल खरवडून काढतो आहे. मी 920 डॉलर देऊन त्यांचा पाव जन्म पुसून टाकला होता. ते सभ्य आहेत, काही बोलले नाहीत. चकली हातात घेऊन फ्रिजसमोर उभे राहिले आणि लग्न जुळवताना पत्रिका बघतात तशा दोन्ही पत्रिका बघायला लागले.

आधी त्यांनी शक्तीची आणि टॉर्कची रेघ एकमेकींना कुठे छेदते ते पाहिलं. 5252 फेऱ्यांवर. “कागद खरा आहे,” म्हणाले. जेम्स वॉटनं एक घोडा म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम, असं ठरवून ठेवलं; त्याला दोन पायनं भागलं की 5252 उरतात. दोन्ही रेघांची मोजपट्टी एकच असेल तर जगातल्या कुठल्याही गाडीच्या या दोन रेघा त्याच मुहूर्तावर भेटतात. मला उगाच बरं वाटलं. माझा कागद खरा होता.

मग त्यांनी टॉर्कच्या रेघेवर साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या मधला खड्डा दाखवला. हा या गाडीचा जगप्रसिद्ध खड्डा. जुलैत होता तिथेच ऑक्टोबरमध्ये होता, नगरपालिकेनं डांबर टाकून गेल्यावर असतो तसा. “तुम्ही कॅटबॅक बदललात,” ते म्हणाले. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची नळी आणि सायलेन्सर. “गंमत सगळी पुढे असते.” एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून सुटते, नळी जिथे मोठी होते तिथून उलटी फिरते आणि वेळेवर परत आली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते. हा खेळ इंजिनाला जोडलेल्या पहिल्या हातभर नळ्यांच्या लांबीचा. मी केलं होतं ते असं की, थिएटरचं आतलं दार होतं तेवढंच ठेवून कंपाउंडचं फाटक रुंद केलं होतं. शो सुटल्यावर गर्दी होती त्याच वेगानं बाहेर पडत होती, फक्त फाटकाबाहेर आरडाओरडा जास्त करत होती.

“मग हे साडेपाच घोडे आले कुठून?” मी विचारलं.

त्यांनी चकलीचं टोक कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जुलैच्या कागदावर होतं एसएई, ऑक्टोबरच्या कागदावर एसटीडी.

एसटीडी म्हटलं की मला नाक्यावरचा पिवळा बूथ आठवतो. मीटर तिथेही भराभर पळायचं. इथे अर्थ वेगळा. गार हवा दाट असते, दाट हवेत इंजिन जास्त जोर काढतं. म्हणून जुलै आणि ऑक्टोबर यांची तुलना करायची तर दोन्ही आकडे एका ठरावीक हवेवर आणावे लागतात. एसएईची ठरावीक हवा 25 अंश सेल्सिअसची आणि 99 किलोपास्कल दाबाची. एसटीडीची जुनी पद्धत हवा त्याहून गार आणि दाट धरते, साठ फॅरनहाइट आणि 29.92 इंच पारा. त्यामुळे तोच रन, तेच इंजिन, तोच पोरगा, पण एसटीडीत मांडलं की तीन-चार टक्के जास्त दिसतात. एका मुलाचे सहाही विषयांचे टक्के काढायचे आणि दुसऱ्याचे बेस्ट ऑफ फाइव्ह, आणि मग म्हणायचं दुसरा हुशार!

मी गेली बावीस वर्षं लोकांच्या पगाराच्या स्लिपांवरचा बारीक मजकूर वाचतो. कोपऱ्यात काय लिहिलंय ते आधी बघा, असं ट्रेनिंगमध्ये नव्या पोरांना सांगतो. ते मी त्या क्षणी कोणालाही सांगितलं नाही.

सोमवारी गॅरेजला फोन केला. रन संगणकात साठवलेला असतो. पद्धत बदलून पुन्हा छापायला एक क्लिक पुरे. कागद ईमेलवर आला. 165.3.

म्हणजे 920 डॉलर देऊन मी नऊ दशांश घोडा घालवला होता.

डेसिबलरावांनी फोनवर माझी समजूत काढली. जुलैत एकाच दुपारी तुमचे तीन रन दोन-अडीच घोड्यांनी वरखाली झाले होते, तेव्हा एका घोड्याच्या आत जे काही आहे ते मिळालंही नाही आणि गेलंही नाही, असं ते म्हणाले. शिवाय वजन लावून मोजणारा दुसऱ्या जातीचा डायनो असतो, तो याहूनही कमी दाखवतो. त्याला इथे हार्टब्रेकर म्हणतात, तिकडे जाऊ नका. मला ते पटलं. तरी तो नऊ दशांश घोडा डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडलो की वाटायचं, डोकं, मान, चारही पाय ठीक, बहुतेक शेपटीकडचा भाग आत राहिला असावा. बायकोला सांगणं भाग होतं. तिनं फ्रिजवरचा ऑक्टोबरचा कागद काढला, उलटा केला आणि मागे वाण्याची यादी लिहायला घेतली.

त्या शनिवारी कॅन्टनला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. बायको आणि मुलगा दुसऱ्या गाडीनं आधीच पुढे गेले होते आणि परत यायलाही आधीच निघाले, तेव्हा रात्री साडेदहाला आईला माझ्या शेजारी बसवण्यावाचून इलाज नव्हता. दोघांनी मिळून तिला त्या विहिरीत उतरवलं. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

हायवेला लागून सत्तरचा वेग धरला की सहाव्या गिअरमध्ये काटा 3000 वर येतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचे तेव्हा सेकंदाला बरोबर 100 स्फोट होतात, आणि त्या शंभराच्या पट्टीत माझा नवा सायलेन्सर अख्ख्या गाडीला घुमवतो. ड्रोन म्हणतात त्याला. दात शिवशिवतात, आरसा थरथरतो, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. डेसिबलरावांसारखी माणसं ज्याचा नायनाट करायला आयुष्य वेचतात तो हाच. आईला त्रास होणार म्हणून मी आधीच माफी मागून टाकली. ओरडूनच.

उत्तर आलं नाही. बघितलं तर तिची मान खिडकीला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं. भारतातून आल्यापासून तिला रात्री झोप नव्हती. इथे फार शांत आहे, कान दुखतात, अशी तिची तक्रार असायची. आईचं माहेर कोल्हापूरचं. साताऱ्याला परत येताना लाल एसटीत खिडकीशेजारी ती अशीच झोपायची, इंजिनाच्या घुमण्यावर काच तिच्या डोक्याशी थडथडत असायची, आणि मी तिच्या मांडीवरची पर्स सांभाळत बसायचो.

मी काटा 3000 वरून हलू दिला नाही. 275 संपला, 696 संपला, 75 ला लागलो. ट्रॉय आलं. क्रुक्स रोडच्या एक्झिटची पाटी दिसली तशी मला पायाची काळजी वाटायला लागली. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज उतरणार.

“कराड गेलं का रे?” तिनं डोळे न उघडता विचारलं.

“नाही अजून,” मी ओरडलो, आणि एक्झिट सोडून दिला.